कुस्को : पहिल्या भेटीच्या यादीमागचा इतिहास

पेरू देशातील कुस्को शहरात पहिल्यांदा जाणारा प्रवासी साधारणपणे ठरावीक पाच-सहा गोष्टी करतो. पहिला दिवस दमाने घेऊन कोकाच्या पानांचा चहा पितो, मुख्य चौकात टेकतो, कॅथेड्रलमधील चित्रे पाहतो, ‘कोरिकांचा’ हे सूर्यमंदिर आणि ‘साक्सायवामान’ ही प्रचंड दगडांची वास्तू ही स्पॅनिशांपूर्वी येथे राज्य करणाऱ्या इंकांची दोन स्थळे पाहतो, बारा कोनांच्या दगडापुढे छायाचित्र काढून घेतो आणि मग माचू पिचू या इंकांच्या डोंगरावरील जुन्या वस्तीची गाडी पकडतो. ही यादी एखाद्या पर्यटन कंपनीच्या माहितीपत्रकातून आल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तिच्यातील बऱ्याच नोंदी दोन भूकंपांनी ठरवल्या आहेत. एक 1650 चा आणि दुसरा बरोबर तीनशे वर्षांनंतरचा, 1950 चा.

त्याआधी उंचीविषयी. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे 3,400 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच आहे आणि तेथील विरळ हवेत पहिल्या दिवशी जिना चढतानाही धाप लागते. म्हणून जाणकार प्रवासी विमानातून उतरल्यावर आधी खालच्या उरुबांबा खोऱ्यात मुक्काम करतात आणि शहर नंतर पाहतात. माचू पिचू तर त्याहूनही खाली, 2,430 मीटरवर आहे. कुस्कोच्या या उंचीने शहराचे भवितव्यही काही अंशी ठरवले. स्पॅनिश सैन्य 15 नोव्हेंबर 1533 रोजी इंकांच्या या राजधानीत शिरले आणि पुढच्या मार्चमध्ये त्या सैन्याचा नायक फ्रान्सिस्को पिझारोने तिची स्पॅनिश शहर म्हणून रीतसर स्थापना केली. परंतु समुद्रापलीकडून राज्य चालवणाऱ्यांना बंदर हवे होते, त्यामुळे 1535 मध्ये किनाऱ्याजवळ लिमा वसवले गेले आणि सत्ता तिकडे सरकली. पेरूच्या 1993 च्या राज्यघटनेत राजधानी म्हणून लिमाचे आणि ‘ऐतिहासिक राजधानी’ म्हणून कुस्कोचे नाव आहे. मोठेपण गेले खरे, पण जुन्या गल्ल्यांची आखणी आणि भिंती इतक्या प्रमाणात टिकल्या, त्याला सत्तेचे हे स्थलांतरही कारण असावे.

मुख्य चौक आज कमानींच्या सज्जांनी वेढलेला, बाकांचा आणि कारंज्याचा आहे. इंकांच्या काळात तो हाउकायपाता या नावाने ओळखला जाई आणि त्याच्यावर थेट समुद्रकिनाऱ्यावरून आणलेल्या वाळूचा जाड थर पसरलेला होता. डोंगरांतून शेकडो किलोमीटर वाळू वाहून आणणे हे काम नव्हते, ती पूजाच होती. पोलो दे ओन्देगार्दो या स्पॅनिश अधिकाऱ्याने स्वतः लिहून ठेवले आहे की, ही वाळू त्याने काढवली आणि कॅथेड्रलच्या बांधकामाकडे वळवली. सणांच्या दिवशी याच चौकात मृत इंका राजांचे जतन केलेले देह आणून बसवत असत. आज कॉर्पस क्रिस्ती या कॅथलिक सणाला शहरातील चर्चमधून पंधरा संतमूर्ती मिरवत याच चौकात येतात. कारंज्याजवळ निवांत बसलेल्या माणसाला हेही ठाऊक असावे की, 1572 मध्ये शेवटचा इंका राजा तुपाक अमारू याचा शिरच्छेद येथेच झाला आणि 18 मे 1781 रोजी त्याचे नाव धारण करून बंड करणाऱ्या होसे गाब्रिएल कोंदोरकांकीला, त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास हिला त्याच्या डोळ्यांदेखत मारल्यानंतर, येथेच ठार करण्यात आले.

31 मार्च 1650 च्या भूकंपात शहरातील बहुतेक चर्च आणि मठ कोसळले. त्या पडझडीतूनच आजच्या प्रवाशाला दिसणारे कुस्को उभे राहिले, कारण नव्या चर्चच्या कोऱ्या भिंतींना चित्रे हवी होती. 1673 मध्ये आलेले बिशप मानुएल दे मोयिनेदो यांनी चित्रकारांना सढळ आश्रय दिला आणि दिएगो किस्पे तितो, बासिलिओ सांता क्रुस पुमाकायाओ यांसारख्या स्थानिक वंशाच्या कलावंतांनी स्वतःची शैली घडवली. 1688 च्या सुमारास हे चित्रकार स्पॅनिश चित्रकारांच्या संघातून बाहेर पडले. युरोपातून आलेल्या छापील चित्रांवरून काम करतानाही ते वस्त्रांवर सोन्याची वेलबुट्टी चढवत आणि पार्श्वभूमीला आपले पक्षी रेखाटत. पुढच्या शतकातील मार्कोस सापाता याचे कॅथेड्रलमधील ‘अखेरचे भोजन’ हे त्यातील सर्वांत प्रसिद्ध चित्र. ख्रिस्ताच्या पुढ्यातील ताटात पाय वर करून उताणा ठेवलेला प्राणी बहुतेक लोक ‘कुई’, म्हणजे अँडीजमध्ये आजही सणाला खाल्ला जाणारा गिनीपिग मानतात. प्रवासी हसतात आणि पुढे जातात. खरे तर तेथे जरा थांबायला हवे, कारण परक्या धर्माची पंगत चित्रकाराने आपल्या स्वयंपाकघरातून वाढली आहे.

त्याच कॅथेड्रलमध्ये क्रुसावरील ख्रिस्ताची एक काळवंडलेली मूर्ती आहे. 1650 मध्ये ती बाहेर काढल्यावर धक्के थांबले अशी श्रद्धा असल्याने तिला ‘भूकंपांचा स्वामी’ म्हणतात. ईस्टरपूर्वीच्या सोमवारी तिची मिरवणूक निघते आणि लोक तिच्यावर न्युकचू नावाची लाल रानफुले उधळतात. मेणबत्त्यांच्या धुराने आणि या फुलांच्या रसाने मूर्तीचा रंग असा झाल्याचे सांगतात.

21 मे 1950 च्या भूकंपाने शहर पुन्हा पाडले, पण या वेळी काही उघडेही केले. कोरिकांचा हे इंकांचे सूर्यमंदिर. 1533 मध्ये स्पॅनिशांच्या कैदेतील इंका राजा अताहुआल्पाच्या खंडणीसाठी याच्या भिंतींवरील सोन्याचे पत्रे उचकटून नेले गेले आणि नंतर ही वास्तू डॉमिनिकन साधूंकडे जाऊन तिच्यावर सांतो दोमिंगोचा मठ उभा राहिला. भूकंपात मठाचा मोठा भाग ढासळला आणि त्यामागे झाकलेल्या इंका दालनांच्या भिंती समोर आल्या. चुना-माती न वापरता घासून बसवलेले दगड, आतल्या बाजूला किंचित कललेली भिंत आणि वर निमुळते होत जाणारे दरवाजे यांमुळे या बांधकामाने हादरे सोसले होते. युनेस्कोने कला-इतिहासकार जॉर्ज कुब्लर यांच्या नेतृत्वाखाली पथक पाठवले. मठ पूर्ववत बांधायचा की मंदिर मोकळे करायचे, हा वाद मोठा होता. शेवटी दोन्ही राखले गेले, म्हणूनच आज मठाच्या कमानींतून चालत इंकांच्या दालनांत जाता येते.

साक्सायवामानची कथा उलटी आहे. तेथील काही दगड शंभर टनांहून जड असल्याने हलले नाहीत. हलवता येण्याजोगे मात्र स्पॅनिश काळापासून शहराच्या बांधकामाला गेले आणि ही जागा शतकानुशतके खाणीसारखी वापरली गेली. आता तेथे 24 जूनला इंती राइमी हा सूर्योत्सव होतो. तो प्राचीन काळापासून अखंड चालत आल्याचा समज चुकीचा आहे. मधल्या काळात बंद पडलेला हा उत्सव 1944 मध्ये उम्बेर्तो विदाल उन्दा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा उभा केला आणि त्यासाठी आधार घेतला कुस्कोतच जन्मलेल्या इंका गार्सिलासो दे ला वेगाच्या 1609 मधील वर्णनाचा.

माचू पिचूविषयी थोडेच. अमेरिकी संशोधक हायरम बिंगहॅम तेथे 24 जुलै 1911 रोजी पोहोचले, तेव्हा तेथे शेतकरी कुटुंबे राहत होती. त्यामुळे ‘शोध’ हा शब्द जपून वापरावा. कुस्को शहर आणि माचू पिचू ही दोन्ही ठिकाणे 1983 मध्ये जागतिक वारसा यादीत आली.

सान पेद्रो बाजार मराठी माणसाने चुकवू नये. तेथे बटाट्यांचे असंख्य प्रकार आणि ‘किविचा’ नावाचे बारीक धान्य मिळते, जे आपल्या राजगिऱ्याच्याच कुळातले आहे. त्याच्या लाह्याही तेथे विकतात. उपवासाच्या ताटातील दोन पदार्थ असे एकाच बाजारात भेटतात.

बारा कोनांचा दगड हातुनरुमियोक गल्लीत, आर्चबिशपच्या वाड्याच्या भिंतीत आहे. ती भिंत मूळची इंका रोका या राजाच्या वाड्याची असल्याचे मानले जाते. शेजारच्या प्रत्येक दगडाशी तो इतका चपखल बसला आहे की सांध्यात कागदही सरकत नाही. दोन्ही भूकंप सोसलेल्या या दगडावर फेब्रुवारी 2025 मध्ये एका माणसाने रात्री हातोडीचे घाव घातले आणि त्याचे टवके उडाले. त्याला हात लावायला त्याआधीही मनाई होती.