जुन्या तेलक्षेत्रांतले उरलेले तेल: पाणी, आग आणि पॉलिमर

पेन्सिल्व्हेनियात १८८० साली जॉन कार्ल या भूशास्त्रज्ञाने नोंदवून ठेवले की, वरच्या थरातले पाणी एखाद्या विहिरीतून तेलाच्या थरात शिरले तर शेजारच्या विहिरींचे उत्पादन वाढू शकते. सोडून दिलेल्या विहिरी बुजवण्याची तिथे कायद्याने सक्ती होती, तरी ब्रॅडफर्ड भागातले विहीरमालक गुपचूप पाणी सोडतच राहिले. १९२१ मध्ये राज्याने ही पद्धत कायदेशीर केली. १९२४ पासून चार कोपऱ्यांवर पाण्याच्या विहिरी आणि मधोमध तेलाची एक, अशी मांडणी सुरू झाली. ती आजही वापरात आहे.

खडकाच्या छिद्रांतले तेल सुरुवातीला स्वतःच्या दाबाने वर येते. दाब ओसरला की बहुतेक क्षेत्रांत निम्म्याहून जास्त तेल खालीच राहते. पाणी दाब परत मिळवून देते, पण ते सहसा तेलापेक्षा पातळ असल्यामुळे तेलाला ढकलण्याऐवजी त्यातूनच वाट काढते, आणि ज्या थरातून सहज वाहता येईल तिथूनच पळते.

मुंबई हायमध्ये हे ठळक दिसते. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये हे क्षेत्र सापडले, १९७६ मध्ये उत्पादन आणि १९८४ मध्ये पाणी सोडणे सुरू झाले. समुद्राचे पाणी तसेच सोडता येत नाही. गाळ राहिला तर छिद्रे बुजतात, ऑक्सिजन राहिला तर पाइप गंजतात, आणि जिवाणू वाढले तर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. म्हणून आधी गाळणे, मग ऑक्सिजन काढणे, मग जिवाणूनाशक घालणे. एवढे करूनही इथल्या चुनखडीचे थर एकसारखे नसल्याने काही थरांतून पाणी लवकर पलीकडे पोहोचते.

गुजरातमधल्या मेहसाण्याजवळच्या बालोल क्षेत्रात नुसते पाणी सोडून भागण्यासारखे नव्हते. सुमारे १००० मीटर खोलीवरचे तिथले तेल पाण्याच्या शेकडो पट घट्ट. साध्या पद्धतीने जेमतेम १३ टक्के हाती येण्याची अपेक्षा. ओएनजीसीने १९९० मध्ये तिथे जमिनीखाली आग लावण्याचा प्रयोग केला आणि १९९७ पासून तो व्यापारी पातळीवर नेला. विहिरीत गॅसचा बर्नर उतरवून थर तापवतात आणि दाबाखाली हवा सोडतात. तेलातला सर्वांत जड, कोळशासारखा भाग ४०० ते ६०० अंश सेल्सियसला जळतो. त्या उष्णतेने पुढचे तेल पातळ होते, वाफ आणि वायू त्याला ढकलतात. हवेमागून पाणी सोडले की मागे जळून गेलेल्या खडकातली उष्णता वाफ होऊन पुढे जाते. आधी चौकोनी मांडणी होती. पुढे हवेच्या विहिरी थराच्या उंच बाजूला ओळीने घेतल्या. वरून आग खाली सरकते आणि तेल उताराने वाहते, त्यामुळे ही मांडणी जास्त योग्य ठरली.

या पद्धतीत हयगय परवडत नाही. कॉम्प्रेसरचे साधे वंगण हवेच्या पाइपात साचले तर स्फोट होऊ शकतो, म्हणून कृत्रिम वंगण वापरतात. तेलाच्या विहिरींतून येणारा वायू सतत तपासावा लागतो: कार्बन डायऑक्साइड भरपूर आणि ऑक्सिजन नगण्य असेल तर आग नीट जळते आहे. ऑक्सिजन वाढू लागला तर हवा न जळताच पुढे निसटली असे समजून ती विहीर बंद करतात.

राजस्थानातल्या मंगला क्षेत्रात अडचण वेगळी होती. तिथले मेणचट तेल थंड झाले की गोठते. २००९ पासून गरम पाणी सोडले जात होते. मग पुढच्या दशकात पाणीच घट्ट करण्यासाठी त्यात पॉलिमर, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंची पूड, मिसळले जाऊ लागले. लिटरला दोनेक ग्रॅम पूडही पुरते, पण क्षारयुक्त पाण्यात घट्टपणा कमी होतो, अरुंद व्हॉल्व्हमधून जोराने जाताना लांब रेणू तुटतात, आणि ऑक्सिजन व लोह एकत्र आले तरी तेच होते. पॉलिमर तेलाच्या विहिरींपर्यंत पोहोचले की तेल आणि पाणी वेगळे होणे अवघड होते व तापवणाऱ्या नळ्यांवर थर बसतो. त्यामुळे जमिनीवरच्या प्रक्रिया केंद्राची आखणी पॉलिमर सोडण्याआधीच बदलावी लागते.