बदकांच्या पाण्यात माणसाचे पाय

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आमचे शेजारी गॅरेजच्या दारात उभे राहून एका विजारीला शिव्या घालत होते. अमेरिकेतल्या मिनेसोटात बदकांच्या शिकारीचा मोसम संपत आला होता, तळ्यांच्या कडांना पहाटे बर्फाचा पापुद्रा धरायला लागला होता. चार तास पाण्यात काढून आलेल्या त्यांच्या मोज्यांतून पिळलं तर पाणी निघत होतं. विजार नवीन आणि महागाची. ‘गळते,’ त्यांनी निकाल देऊन टाकला. आता ती दुकानात परत करायची आणि जाडजूड निओप्रीनची, म्हणजे फेसाळ रबराची आणायची, तीही सोळाशे ग्रॅमवाली, म्हणजे प्रश्न मिटला.

मला राहवलं नाही. कारण इतक्या छोट्या निकालात पदार्थविज्ञानाच्या एवढ्या चुका एकत्र क्वचितच सापडतात.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: वेडर्स म्हणजे छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली, पाणी आत न येऊ देणारी विजार. खाली एकतर बूटच जोडलेले असतात किंवा नुसता मोजा असतो आणि त्यावर वेगळे बूट घालायचे. बदकं उथळ पाण्यात उतरतात. म्हणून शिकारी पहाटेच्या अंधारात मांडीभर पाण्यात शिरून प्लॅस्टिकची बनावट बदकं मांडतो आणि मग लव्हाळ्याच्या लपणात हलायचं नाही अशी शपथ घेतल्यासारखा उभा राहतो. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा उद्योग गुन्हा आहे. नांदूर मध्यमेश्वरला आपण ज्यांना दुर्बिणीतून बघतो ते तलवार बदक आणि थापट्या, त्याच जातींचे पक्षी इथे परवाना काढून टिपतात. मी स्वतः बंदुकीला हात लावत नाही. पण शेजाऱ्यांबरोबर दोनदा त्या पाण्यात उभा राहिलो आहे, आणि तिथे थंडी कशी लागते हे अगदी बारकाईने अनुभवलं आहे.

पाणी हवेच्या सुमारे २३ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. हा आकडा शाळेत ऐकलेला असतो, पण त्याचा अर्थ पायाला कळतो. शून्याच्या जवळपासच्या हवेत कोट घालून तासभर उभं राहता येतं. तेवढ्याच गार पाण्यात उघडा पाय पाच मिनिटांत दुखायला लागतो. तेव्हा पाय आणि पाणी यांच्या मध्ये काहीतरी हवं. हे ‘काहीतरी’ म्हणजे रबर नव्हे, कापड नव्हे, लोकरही नव्हे. ती असते हवा, स्थिर, जागच्या जागी थांबलेली. आजीची गोधडी उबदार असते ती जुन्या लुगड्यांमुळे नाही, त्या लुगड्यांच्या घड्यांत अडकून पडलेल्या हवेमुळे. धागे फक्त तिला हलू देत नाहीत.

आता या गोधडीवर विटा रचल्या तर? इथून पुढचा भाग माझ्या आवडीचा आहे, जरा धीर धरा.

एक प्लॅस्टिकची पिशवी घ्या, भोक नसलेली. हातात मोज्यासारखी चढवा आणि बादलीभर पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवा, पिशवीचं तोंड पाण्याबाहेर ठेवून. पिशवी चटकन हाताला चिकटते, नखांचे आकारसुद्धा दिसू लागतात. आत एक थेंब पाणी गेलेलं नसतं, तरी हात ओला झाल्यासारखा वाटतो. झालं काय, तर पाण्याच्या दाबाने आतली हवा वरच्या तोंडातून बाहेर घालवली.

वेडर्समध्ये नेमकं हेच होतं. दर सेंटिमीटर खोलीमागे दर चौरस सेंटिमीटरवर १ ग्रॅम वजन पडतं. पाऊण मांडी पाण्यात असेल तर घोट्याजवळ ६० सेंटिमीटर खोली सहज होते. म्हणजे दहा बाय दहा सेंटिमीटरच्या तुकड्यावर, साधारण तळहाताएवढ्या जागेवर, ६ किलो. पायाच्या चारी बाजूंनी, एकसारखे, सतत. कमरेइतक्या पाण्यात घोट्यापाशी हाच आकडा १० किलोच्या घरात जातो. पातळ कापडी वेडर्सच्या आत तुम्ही फुललेली, पिसांसारखी हलकी विजार घातली असेल, तर तिचा फुलारा ही सहा किलोंची इस्त्री दाबून काढते आणि तिच्यातली हवा छातीकडून निघून जाते. दुकानात कोरड्या फरशीवर चाचपून बघितलेली ऊब आणि पाण्यातली ऊब यांचा संबंध तिथेच तुटतो. त्यातून धडा असा की आत घालायचं ते दाट विणीचं, दाबून धरलं तरी मुठीत थोडं स्प्रिंगसारखं उसळणारं हवं: जाड फ्लीस (लोकरीसारखं कृत्रिम कापड), लोकर. पिसांची विजार लपणात कोरड्या अंगावर ठेवा, पाण्याखाली नको.

निओप्रीनचा खेळ वेगळा. हे कृत्रिम रबर ड्युपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० मध्ये तयार झालं, पण वेडर्समध्ये वापरतात तो त्याचा फेस: आत नायट्रोजनचे लाखो बारीक फुगे, प्रत्येक फुगा चहूबाजूंनी बंद. बर्कलीचे पदार्थवैज्ञानिक ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी याच फेसाचा पोशाख केला. त्यांना उमगलेली गोष्ट साधी होती: अंग कोरडं राहिलंच पाहिजे असं नाही, ऊब फुग्यांत आहे. या फुग्यांतला वायू पळून जाऊ शकत नाही, फक्त आक्रसू शकतो. किती? बॉइलचा नियम आठवा: दाब वाढेल त्या प्रमाणात वायू आक्रसतो. ६० सेंटिमीटर पाण्याने दाब जेमतेम सहा टक्क्यांनी वाढतो, म्हणून फुगाही तितपतच लहान होतो. दहा मीटर खोल जाणाऱ्या पाणबुड्याचा पोशाख निम्म्यावर येतो. बदकाच्या शिकाऱ्याचं मात्र काहीच बिघडत नाही. कैदेतली हवा आणि मोकळी हवा, सगळा फरक एवढाच.

मग निओप्रीनच घ्यावं का? थोडा ढोबळ हिशेब करू. दोन्ही पायांचं पाण्यातलं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरा, त्वचा ३० अंशांवर, पाणी २ अंशांवर. निओप्रीन फेसाची उष्णतावाहकता सुमारे ०.०५ वॅट प्रति मीटर प्रति अंश. जाडी ३.५ मिलिमीटर असेल तर पायांतून २०० वॅट निघून जातील, ५ मिलिमीटर असेल तर १४०. स्वस्थ उभा माणूस सगळ्या शरीरात मिळून शंभर-सव्वाशे वॅट तयार करतो. म्हणजे नुसतं निओप्रीन, कितीही मिरवलं तरी, पुरत नाही. शरीर पायांचा रक्तपुरवठा आखडून त्वचा गार पडू देतं आणि तोटा कमी करतं, म्हणून आपण लगेच कोसळत नाही इतकंच. आता ५ मिलिमीटर निओप्रीनच्या आत दाबल्यावर ४ मिलिमीटर उरेल असं फ्लीस घाला: रोध जवळपास दुप्पट, तोटा ७० वॅट. आणि गंमत म्हणजे कापडी वेडर्सच्या आत दाबल्यावर ८ मिलिमीटर उरेल इतकं फ्लीस घातलं तरी उत्तर जवळपास तेच येतं. भिंत कशाची आहे ते महत्त्वाचं नाही, दाबाखाली किती मिलिमीटर हवा शिल्लक राहते ते महत्त्वाचं. ज्यांची इथे दमछाक झाली त्यांनी फक्त पिशवीचा प्रयोग लक्षात ठेवावा.

तर शेजाऱ्यांच्या ओल्या मोज्यांकडे येऊ. गार पाण्याचा पेला टेबलावर ठेवला की त्याच्या अंगावर थेंब जमतात, आणि तो गळतो असं कोणी म्हणत नाही. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २ अंशांच्या हवेत साडेपाच. पहाटे चिखल तुडवत, पाठीवर बनावट बदकांचं पोतं घेऊन अर्धा किलोमीटर चाललेला माणूस घामाघूम होतो. ती वाफ विजारीच्या आतल्या गार भिंतीवर जाऊन बसते, पाणी होते आणि ओघळून मोज्यात उतरते. ‘श्वास घेणारं’ कापड महाग असतं ते याच कारणासाठी: त्यातली सूक्ष्म छिद्रं पाण्याच्या थेंबाला लहान आणि वाफेच्या रेणूला मोठी पडतात. पण वाफ बाहेर पडायच्या आधीच पाणी झाली की ती छिद्रं तिच्याही उपयोगाची नाहीत. हिवाळ्याच्या पाण्यात हे कापड श्वास घेतं ते मुख्यतः कमरेच्या वर. निओप्रीन तर कुठेच घेत नाही, म्हणजे शेजाऱ्यांनी जाड विजार आणली असती तर मोजे अधिक ओले झाले असते. लांब चालत जायचं असेल तर कापडी आणि आत फ्लीस, होडीतून उतरून थेट पाण्यात उभं राहायचं असेल तर ५ मिलिमीटरचं निओप्रीन, असं माझं मत. आणि कुठलीही असो, कोरड्या वाटेवर वरचा भाग कमरेपर्यंत गुंडाळून, कोट पाठीला बांधून चालावं. पाण्यात उतरायच्या आधी मात्र ती वर चढवून कमरेचा पट्टा घट्ट आवळायचाच.

सोळाशे ग्रॅमचं काय? कित्येकांना वाटतं ते बुटाचं वजन. तो आकडा बुटाच्या अस्तरातल्या ऊबदार भरणाचा, दर चौरस मीटरला किती ग्रॅम, असा असतो. जास्त ग्रॅम म्हणजे साधारणपणे जास्त जाड थर, हे खरं, पण तो पायाखाली तुमच्याच वजनाने दबतो आणि विजारीच्या पायांबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही. त्यावर काही उत्पादक आत चकचकीत पापुद्रा लावून अंतराळयानाची गोष्ट सांगतात. अवकाशात आजूबाजूला पोकळी असते. तिथे उष्णता किरणांनीच जाते, म्हणून आरशाचा उपयोग. मोज्याला चिकटून बसलेल्या आरशात ऊब कोण बघणार?

बूट मात्र काळजीने निवडावा, आणि एक माप मोठा. घट्ट बुटात तिसरा मोजा कोंबणं म्हणजे हवा बाहेर काढून वर रक्तही अडवणं. बूट जोडलेल्या वेडर्सना थंडीत माझी पसंती, कारण आत बोटं हलवायला जागा मिळते आणि बधिर बोटांनी ओल्या नाड्या सोडवत बसावं लागत नाही.

मजा अशी की ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते बदक त्याच पाण्यात अनवाणी असतं. त्याच्या पायात खाली जाणारी धमनी आणि वर येणाऱ्या शिरा एकमेकींना बिलगून असतात. उतरतं गरम रक्त चढत्या गार रक्ताला आपली ऊब वाटेतच देऊन टाकतं. पंजापाशी पोचतं ते गारच रक्त, मग पाण्याने न्यायचं तरी काय? शास्त्रज्ञ अशा जाळ्याला ‘रेटे मिराबिले’, अद्भुत जाळं म्हणतात. आपल्या हातापायांतही याची कच्ची नक्कल आहे, पण आपल्या बोटांना गार राहून काम करायची सवय नाही.

शेजाऱ्यांच्या खिशात ब्रँडीची चपटी बाटलीही होती. ‘आतून ऊब’ ही समजूत आपल्याकडे जितकी पक्की तितकीच इथे. दारू त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून अंग तापल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात गाभ्यातली ऊब बाहेर वाटली जात असते. घरी शेकोटीपाशी प्यावी, लपणात नको. थंडी इथे विनोदाचा विषय नाही. ११ नोव्हेंबर १९४० ला सकाळ उबदार होती, म्हणून शेकडो शिकारी पातळ कपड्यांत मिसिसिपीच्या बेटांवर गेले. दुपारी हिमवादळ आलं, काही तासांत पारा घसरला. मिनेसोटात ४९ जण गेले, त्यांतले जवळपास निम्मे बदकांचे शिकारी.

त्या संदर्भात आणखी एक भीती ऐकू येते: वेडर्समध्ये पाणी शिरलं की ते दगडासारखं तळाला ओढतं. पाण्यातलं पाणी ओढत नाही, आर्किमिडीज अजून रद्द झालेला नाही. निओप्रीन तर तरंगतं. धोका आहे तो वेगळा. गार पाण्यात पडताच घशातून अनावर उसासा येतो आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असलं की संपलं. पहिलं मिनिट श्वास सांभाळायचं, त्यानंतरची साधारण दहा मिनिटं हातपाय ऐकतात तोवर बाहेर पडायचं. बाहेर येताना मात्र विजारीतलं तीस-चाळीस लिटर पाणी पाण्याबाहेर येऊन वजन दाखवतं, काठावर चढू देत नाही. कमरेचा पट्टा त्यासाठी, आणि लाइफ जॅकेट त्याहून आधी.

हे सगळं ऐकून शेजारी फक्त म्हणाले, ‘प्रयोग करू.’ विजार दोन दिवस उलटी टांगून वाळवली, पायांत चुरगळलेली वर्तमानपत्रं भरली आणि न्हाणीघरातल्या टबात गार पाणी सोडून ती दगड घालून उभी केली. आत माणूस नाही, म्हणजे घाम नाही. वीस मिनिटांनी उजव्या पायातला कागद कुरकुरीत निघाला. मी विजयाने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी डाव्या पायातला कागद काढला. गुडघ्यापाशी रुपयाएवढा ओला डाग होता, आणि बाहेरच्या बाजूला, उजेडात धरल्यावर दिसलं, काटेरी तारेने पाडावं तसं सुईच्या टोकाएवढं भोक.

दुकानात ते गेले खरे, पण पंक्चरचं सोल्यूशन आणायला.