बॅच सहाच्या बसची वाट बघत नाही

ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात एकदा नीट बघा. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, एकेका स्टेशनला ज्या मुली उतरतात त्यातल्या कितीतरी केमिस्ट्रीवाल्या असतात. कुणी औषध कंपनीत, कुणी रंगाच्या, कुणी सांडपाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये. ही गाडी २००४ मध्ये सुरू झाली. त्याच्या आधी मी कंपनीच्या बसने जायचे, विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून, आणि पावसात तिथं पाणी भरलं की बस अडकायची आणि तिकडे लॅबमध्ये माझं सॅम्पल तसंच पडून राहायचं.

ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी करून मी पहिल्या इंटरव्ह्यूला गेले तेव्हा मला प्रॉडक्शनमध्ये जायचं होतं. मोठ्या रिॲक्टरमध्ये, म्हणजे रिॲक्शन करायच्या टाकीत, खरी रिॲक्शन करून बघायची होती. समोरच्या साहेबांनी प्रेमानेच सांगितलं, "मॅडम, तुमच्यासाठी क्यूसीत जागा आहे." क्यूसी म्हणजे क्वालिटी कंट्रोल, तपासणीची लॅब. माझ्या वर्गातल्या मुलींना जिथंतिथं हेच उत्तर मिळालं आणि मुलगे प्रॉडक्शनला गेले. तेव्हा मला वाटायचं की हा फक्त लोकांच्या डोक्यातला प्रश्न आहे. तसा तो होताच, पण त्यात कायदाही होता आणि खुद्द केमिस्ट्रीही होती, आणि हे तिन्ही एकमेकांत कसे अडकलेत हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

आधी केमिस्ट्रीचं सांगते. कॉलेजच्या लॅबमध्ये एक लिटरच्या फ्लास्कमध्ये रिॲक्शन करताना फ्लास्क गरम झाला तर खाली बर्फ लावला की काम झालं. तीच रिॲक्शन एक हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये केली तर आतला माल हजारपट होतो पण रिॲक्टरच्या भिंतीचं क्षेत्रफळ साधारण शंभरपटच वाढतं, कारण आकारमान घनाने वाढतं आणि पृष्ठभाग वर्गाने. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला थंड करणारी भिंत दहावा हिस्साच येते. आता रिॲक्शन उष्णता सोडणारी असेल तर काय होतं बघा. तापमान दहा अंशांनी वाढलं की रिॲक्शनचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणजे उष्णताही दुप्पट वेगाने तयार होते, पण रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमधून फिरणारं ब्राइन, म्हणजे थंडगार मिठाचं पाणी, ती उष्णता बाहेर काढतं ते फक्त तापमानाच्या फरकाच्या प्रमाणात. एक गोष्ट दुपटीने पळतेय आणि दुसरी सरळ चालीने चाललीय, मग एका टप्प्यानंतर ताबा सुटतो. याला प्लांटमध्ये रनअवे म्हणतात आणि हा शब्द तिथं कुणी सहज वापरत नाही.

म्हणून मोठ्या प्लांटमध्ये रिएजंट, म्हणजे रिॲक्शन घडवणारं रसायन, थेंबाथेंबाने सोडतात, शून्य ते पाच अंशावर धरून, कधी चार तास कधी आठ तास, मग होल्ड, म्हणजे तसंच धरून ठेवायचं, मग आयपीसीचं, म्हणजे चालू कामातल्या तपासणीचं, सॅम्पल लॅबला, सुरुवातीचा माल अर्ध्या टक्क्याच्या खाली गेला का बघायचं, गेला असेल तरच क्वेंच, म्हणजे रिॲक्शन थांबवायची. एका वेळी बनणाऱ्या या मालाला बॅच म्हणतात, आणि ती मध्येच सोडून घरी जाता येत नाही. बॅच सहाच्या बसची वाट बघत नाही. त्यामुळे प्लांट तीन पाळ्यांत चालतो, सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात, आणि प्रॉडक्शनच्या ऑफिसरला आळीपाळीने तिन्ही कराव्या लागतात.

आता कायदा बघा. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या ६६ व्या कलमात लिहिलं होतं की बाईला कारखान्यात सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळात काम देता येईल. राज्य सरकार ती वेळ थोडी इकडेतिकडे करू शकायचं, पण रात्री १० ते पहाटे ५ मध्ये अजिबात नाही. म्हणजे दुसरी पाळी गेली, तिसरी पाळी गेली, उरली पहिली आणि जनरल, म्हणजे दिवसाची ऑफिसची पाळी. एकच पाळी करू शकणारा ऑफिसर कुठला प्लांट मॅनेजर घेईल? कायदा बाईच्या रक्षणासाठी होता हे मान्य, पण त्याचा परिणाम असा की रिॲक्टरजवळ बाई पोचलीच नाही. मद्रास हायकोर्टाने २००० मध्ये हे बंधन घटनाबाह्य ठरवलं, पुढे राज्याराज्यांत नियम बदलत गेले, २०२० च्या कामगार संहितेत बाईच्या संमतीने आणि सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळी मान्य झाली. पण माझी पिढी तोवर लॅबमध्ये मुरली होती.

आणि लॅबमध्ये बायका टिकल्या त्यालाही एक मशीन कारण आहे असं माझं मत आहे. एचपीएलसी, म्हणजे हाय परफॉर्मन्स लिक्विड क्रोमॅटोग्राफी. नाव मोठं आहे, काम समजायला सोपं आहे. पंचवीस सेंटीमीटर लांबीची, पेन्सिलपेक्षा बारीक पोकळी असलेली स्टीलची नळी घ्या, तिच्यात सिलिकाचे पाच मायक्रॉनचे कण ठासून भरलेले, आणि त्या कणांवर अठरा कार्बनच्या तेलकट साखळ्या चिकटवलेल्या. पंप त्यातून पाणी आणि ॲसिटोनायट्राइल नावाच्या द्रावकाचं मिश्रण प्रचंड दाबाने ढकलतो. तुमच्या औषधाचा थेंब त्यात सोडला की ज्या रेणूंना तेलकट साखळ्या आवडतात ते रेंगाळतात, ज्यांना पाणी आवडतं ते आधी बाहेर पडतात. दादरच्या गर्दीत कुणी दुकानादुकानाशी थांबतं आणि कुणी सरळ स्टेशन गाठतं, तसंच. बाहेर डिटेक्टर बसलेला असतो, एकेका रेणूचा शिखरासारखा पीक काढतो, आणि पीकच्या क्षेत्रफळावरून कळतं की औषध किती आणि अशुद्धी किती.

एक इंजेक्शन, म्हणजे एक थेंब सोडून त्याचे सगळे पीक येईपर्यंत, समजा अर्धा तास. आधी ब्लँक, म्हणजे औषध नसलेला द्राव, मग स्टँडर्डची, म्हणजे प्रमाण माहीत असलेल्या नमुन्याची, पाच इंजेक्शनं, त्यांच्यातला फरक २ टक्क्यांच्या आत हवा, मग सॅम्पल, मध्येमध्ये परत स्टँडर्ड. चाळीस इंजेक्शनं धरली तरी वीस तास. पण इथं एकामागून एक इंजेक्शन आपोआप देणारा ऑटोसॅम्पलर आहे. संध्याकाळी साडेपाचला सीक्वेन्स, म्हणजे इंजेक्शनांची रांग, लावायचा, मोबाइल फेज, म्हणजे पंपाने ढकलायचं ते मिश्रण, पुरेल का ते दोनदा बघायचं, सहाच्या बसने घरी यायचं, सकाळी येऊन तोवर आलेले पीक बघायचे. मशीन रात्रपाळी करतं. रिॲक्टर असं करू देत नाही. अर्थात रात्री प्रेशर वाढून सीक्वेन्स बंद पडला की सकाळी पोटात गोळा यायचा आणि बॅच अडकली म्हणून प्रॉडक्शनवाल्यांचे फोन सुरू व्हायचे, ते वेगळं.

यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती प्रत्येक मुलीला पहिल्याच वर्षी सांगायला हवी. औषध कंपनीत तपासणीच्या किंवा उत्पादनाच्या कागदांवर जबाबदार म्हणून सही करण्यासाठी एफडीएचं, म्हणजे राज्याच्या औषध प्रशासनाचं, अप्रूव्हल लागतं, आणि तपासणीचं अप्रूव्हल वेगळं, उत्पादनाचं वेगळं. औषध नियम १९४५ प्रमाणे उत्पादनासाठी बीएस्सी केमिस्ट्रीवाल्याला औषध बनवण्याचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, बी फार्मवाल्याला अठरा महिने. क्यूसीत दहा वर्षं काढली तरी तो बनवण्याचा अनुभव धरला जात नाही. आणि मी पाहिलेले प्लांट हेड सगळे प्रॉडक्शनमधून वर गेलेले. म्हणजे पहिल्या इंटरव्ह्यूच्या दिवशी ज्या दारातून आत जाता त्यावर वीस वर्षांनंतरची खुर्ची बरीचशी ठरून जाते.

सांडपाण्याच्या लॅबचंही तसंच, तिथंही वेळ रेणू आणि जंतू ठरवतात. सीओडी, म्हणजे तीच घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो, तो दोन तासांच्या रिफ्लक्समध्ये, म्हणजे उकळत ठेवून, मिळतो, पण बीओडी म्हणजे पाण्यातले जंतू घाण खाताना किती ऑक्सिजन वापरतात ते मोजायचं, त्याला आपल्याकडे २७ अंशावर तीन दिवस लागतात. गुरुवारी लावलं तर रविवारी वाचायला यावं लागतं. माझी एक मैत्रीण तळोज्याला होती, तिचे कितीतरी रविवार त्या बाटल्यांत गेले आणि ती कधी कुरकुरली नाही, कारण नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत आहे का हे तिच्या आकड्यावर ठरायचं.

काही जणींनी लॅबचं बेंच सोडलं पण केमिस्ट्री सोडली नाही. १ जानेवारी २००५ पासून भारतात औषधाच्या रेणूलाच पेटंट मिळायला लागलं, त्याआधी फक्त बनवायच्या पद्धतीला मिळायचं. मग पेटंटमधले क्लेम, म्हणजे हक्काचे दावे, वाचून, हा रेणू खरंच नवा आहे का, हे सांगणारी माणसं लागायला लागली. केंद्राच्या विज्ञान विभागाची एक योजना होती, करिअरमध्ये खंड पडलेल्या विज्ञानाच्या बायकांना वर्षभर स्टायपेंड देऊन पेटंटचं ट्रेनिंग देणारी. मुलं लहान असताना घरी बसलेल्या, नामांकित संस्थांतून शिकलेल्या किती हुशार मुली त्यातून परत कामाला लागल्या. याला लोक 'सोपं काम' म्हणतात याचा मला राग येतो, रेणूतल्या एका मिथाइलच्या, म्हणजे एका कार्बनच्या छोट्या गटाच्या, जागेवरून कोट्यवधींचा वाद होतो तिथं.

रस्ता वळणं हे नवीनही नाही. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बीएस्सी होऊन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नाकारलं. त्या हटून बसल्या, मग एक वर्ष परीक्षेवर ठेवू या अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी, बटाट्यावर काम करून वनस्पतीच्या पेशीतही सायटोक्रोम सी असतं हे दाखवलं, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढायच्या साखळीतला तोच दुवा झाडातही आहे. मग दिल्ली, मग कुन्नूरची पोषणाची लॅब, १९४७ ला लग्न आणि मुंबई. इथं मुंबईच्या विज्ञान संस्थेत (इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) त्यांनी नीरा आणि कडधान्यं अशा साध्या माणसाच्या अन्नावर काम केलं आणि पुढे त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. गाव बदललं की बाई विषय बदलते, हे माझ्या लॅबमध्येही मी दहा वेळा बघितलंय, पण त्यांच्याकडे बघून कळतं की विषय बदलला तरी काम छोटं करायची गरज नसते.

आमच्या शेजारची एक मुलगी आता तळोज्याला प्रॉडक्शनमध्ये आहे, तिन्ही पाळ्या करते, रात्री कंपनीची गाडी दारातून नेते आणि दारात सोडते. तिला क्वेंचच्या आधीच्या सॅम्पलबद्दल काही शंका आली की मला विचारते, आणि मला ते फार आवडतं. तिची मुलगी दीड वर्षाची आहे. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा मिळाली, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघरही बंधनकारक झालं. पण तिच्या कंपनीचं पाळणाघर सकाळी आठला उघडतं आणि पहिली पाळी सातला सुरू होते. त्या एका तासासाठी तिची सासू कळव्याहून पहाटे निघते.