हेलिओस, अपोलो आणि सूर्याचे हरवलेले घराणे

ग्रीकांचा सूर्यदेव कोण, असे विचारले की बहुतेकांच्या तोंडी अपोलोचे नाव येते. शब्दकोशांत आणि मुलांच्या पुस्तकांत तेच असते. मात्र ज्या काळातल्या ग्रीस देशाच्या कथा आपण आवडीने वाचतो, त्या काळातल्या माणसाला हे उत्तर चमत्कारिक वाटले असते. त्याचा सूर्य हेलिओस होता. अपोलो निराळा देव होता: धनुष्याचा, वीणेचा, रोगराईचा आणि भविष्यवाणीचा.

नाते पाहिले तर फरक लगेच कळतो. इसवी सनापूर्वी सातशेच्या सुमाराच्या वंशावळीत हायपेरियन आणि थेइया या टायटन (झ्यूसच्या आधीच्या पिढीतले देव) भावंडांना तीन मुले होतात: सूर्य हेलिओस, चंद्र सेलेने आणि पहाट इऑस. (इऑस आणि आपली उषा ही नावे भाषाशास्त्राच्या दृष्टीने एकाच मूळ शब्दातून आलेली आहेत.) अपोलो हा देवांचा राजा झ्यूस आणि लेटो यांचा मुलगा. झ्यूसचा बाप आणि लेटोचा बाप हे दोघेही हायपेरियनचे भाऊ. म्हणजे हेलिओस हा अपोलोचा वडिलांकडून चुलत काका आणि आईकडून चुलत मामा. 'हायपेरियन' या नावातही गुंता आहे. महाकाव्यांत ते बरेचदा सूर्याचेच विशेषण म्हणून येते, 'वरून जाणारा' अशा अर्थाने. बाप आणि विशेषण यांतले आधी काय, हे ठामपणे सांगता येत नाही.

हेलिओसचा संसार हा या कथांचा खरा ठेवा. समुद्रकन्या पर्सेईसपासून त्याला कोल्खिसचा राजा आयेटेस, माणसांची डुकरे करणारी किर्के आणि क्रीटची राणी पासिफाए ही मुले झाली. आयेटेसची मुलगी मेडीआ ही सूर्याची नात, आणि पासिफाएच्या पोटचा वृषमुखी मिनोटॉर हा नातू. इसवी सनापूर्वी 3ऱ्या शतकातल्या एका महाकाव्यात हे सगळे कुळ डोळ्यांतल्या सोनेरी तेजावरून ओळखू येते. सूर्य वरून सगळे पाहतो म्हणून शपथेला त्याचीच साक्ष. पर्सेफोनीला कोणी पळवले हे तिच्या आईला सांगणाराही तोच. त्याच्या मुलींनी राखलेल्या गाईंचे 7 कळप, प्रत्येकात 50. या 350 गाईंमध्ये चांद्रवर्षाचे दिवस मोजले आहेत, असा अर्थ प्राचीन काळीच लावला गेला होता.

एवढा मोठा परिवार असून मुख्य भूमीवर त्याची देवळे थोडीच. इसवी सनापूर्वी 421 च्या एका सुखात्मिकेत तर सूर्य-चंद्राला बळी देणे ही परक्यांची रीत, असे म्हटले आहे. अपवाद रोड्स बेटाचा. देवांनी पृथ्वी वाटून घेतली तेव्हा हेलिओस कामावर होता, त्याच्या वाट्याला काहीच आले नाही. मग समुद्रातून वर येणारे हे बेट त्याने मागून घेतले. बेटावरची तीन जुनी शहरे त्याच्या नातवांच्या नावाची. इसवी सनापूर्वी 305-304 चा वेढा उठल्यावर शत्रूने मागे टाकलेली यंत्रे विकून आलेल्या पैशातून तिथे हेलिओसचा सुमारे 32 मीटर उंचीचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. पुढे भूकंपात तो गुडघ्यातून मोडला. जगातल्या सात आश्चर्यांतला हा पुतळा अपोलोचा नव्हता, हे ठसवून सांगायला हवे.

मग घोटाळा झाला कुठे? अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावर पुरावा स्वच्छ आहे. पूर्वेकडच्या दर्शनी त्रिकोणात एका कोपऱ्यातून हेलिओसचे घोडे वर येतात, दुसऱ्या कोपऱ्यात सेलेने मावळते. आणि त्याच बाजूच्या शिल्पपट्टीत अपोलो इतर देवांबरोबर निवांत बसलेला आहे. एकाच मंदिरावर, इसवी सनापूर्वी 432 पर्यंत, दोघे वेगळे. मात्र त्याच शतकातल्या एका शोकांतिकेच्या उरलेल्या तुकड्यात सूर्यपुत्र फाएथॉनची आई सूर्याला दोष देताना म्हणते, की देवांची गुप्त नावे जाणणारे तुला अपोलो म्हणतात ते बरोबरच आहे. हा 'नाश करणे' या ग्रीक क्रियापदावरचा श्लेष. बापाचा रथ हाकायला गेलेला तिचा मुलगा जळून मेला होता. म्हणजे हे मत तेव्हा होते, पण गूढविद्या जाणणाऱ्यांचे म्हणून. अपोलोचे 'फोएबस', म्हणजे तेजस्वी, हे विशेषणही त्या मताला सोयीचे ठरले. पुढे तत्त्वज्ञांनी हे ऐक्य उचलून धरले.

शिक्कामोर्तब रोममध्ये झाले. इसवी सनापूर्वी 28 मध्ये पॅलेटाइन टेकडीवर पहिल्या सम्राटाने अपोलोचे देऊळ बांधले आणि शिखरावर सूर्याचा रथ बसवला. थोड्याच वर्षांनी एका लॅटिन काव्यात फाएथॉनची कथा नव्याने आली, तिथे सूर्याला सर्रास फोएबस म्हटले गेले. युरोपने ही कथा पुढे त्याच काव्यातून वाचली. माझ्या मते नुकसान तिथेच झाले. अपोलोच्या गळ्यात रथ पडला, पण किर्के, मेडीआ, पासिफाए त्याच्या घरात बसेनात. त्या सूर्यवंशाच्या न राहता नुसत्या चेटकिणी आणि बदनाम बायका उरल्या. ग्रीक शोकांतिकेत मेडीआ शेवटी ज्या रथातून निसटते तो तिच्या आजोबांचा आहे, हे माहीत नसेल तर त्या प्रसंगातली निम्मी ताकद जाते.

रोममध्ये इसवी सन 274 मध्ये अजिंक्य सूर्याचे राजमान्य देऊळ झाले, पण त्या देवाला कुटुंब नव्हते. पूर्वेकडे मात्र हेलिओसचे जुने नाव टिकले होते. कुषाणांच्या सुरुवातीच्या काही नाण्यांवर ते ग्रीक अक्षरांत वाचता येते.

आधुनिक काळानेही घोळ वाढवला. 1960 मध्ये अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमाला अपोलोचे नाव दिले गेले ते त्याच्या सूर्यरथाच्या कल्पनेवरून, आणि अंतराळयाने गेली त्याच्या चुलत आत्याच्या, सेलेनेच्या घरी. रसायनशास्त्राने मात्र भावंडांची नावे नीट ठेवली. 1817 मध्ये सापडलेले सेलेनियम बहिणीचे. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात पिवळी रेषा दिसली. विजयदुर्गावरचे 'साहेबाचे ओटे' त्याच ग्रहणाच्या आठवणीशी जोडले जातात. त्या रेषेमागच्या मूलद्रव्याला नाव मिळाले हेलियम.