कॉटवरून उठताना

झोपलेला माणूस उभा राहतो तेव्हा साधारण अर्धा ते एक लिटर रक्त काही क्षणांत पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिन्यांमधले दाबाचे संवेदक हे लगेच हेरतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदूचा रक्तपुरवठा टिकून राहतो. धडधाकट माणसाला यातलं काही जाणवतही नाही.

रुग्णालयात मात्र इथेच बिनसतं आणि रुग्ण पडतो. तापाने, जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या, झोपेच्या औषधाची गुंगी. वय झालेलं असेल तर संवेदकही मंदावलेले. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब 20 किंवा खालचा 10 अंकांनी उतरला, तर ती धोक्याची खूण मानतात. डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात. काहींना तर चक्कर आल्याचं कळायच्या आतच ते खाली असतात.

मग अशा अवस्थेत रुग्ण एकटा उठतोच का? बऱ्याचदा उत्तर साधं असतं: लघवीला जायचं असतं. बेल वाजवायचा संकोच वाटतो. ‘सिस्टर आधीच धावपळीत, दोन पावलांसाठी कशाला बोलवायचं?’ असं वाटतं. रुग्ण हट्टीच असतात अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मला ती अर्धवट वाटते. आयुष्यभर स्वतःच्या पायांनी गेलेल्या माणसाला बेडपॅन मागणं किती जड जातं, हे त्याच्या जागी आडवं झाल्याशिवाय कळत नाही.

म्हणून परिचारिकेचं खरं कौशल्य रुग्णाला मागावं लागण्याआधी विचारण्यात आहे. ठरावीक वेळाने फेरी मारायची, साधारण दिवसा तासाला आणि रात्री दोन तासांनी. दुखतंय का, कूस बदलायची आहे का, पाणी, चष्मा, बेल हाताशी आहे का, हे पाहायचं. आणि बाथरूमला ‘जायचंय का?’ असं न विचारता ‘चला, आत्ताच जाऊन येऊ’ म्हणायचं. पहिल्या प्रश्नाला संकोची माणूस हमखास ‘नको’ म्हणतो. लघवी वाढवणारी गोळी शक्यतो सकाळी देतात, त्यामागेही हाच हिशेब आहे: रात्रीची एक फेरी वाचते. उठवतानाही घाई नाही. आधी कॉटच्या कडेला पाय सोडून बसवायचं, मिनिटभर थांबायचं, घोटे वरखाली हलवायला लावायचे (पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात), ‘गरगरतंय का?’ विचारायचं, मगच उभं करायचं. कॉटची चाकं लॉक, कॉट खाली घेतलेली, पायांत न घसरणारी चप्पल आणि सलाईनची नळी पायात येणार नाही अशी.

हे फारच किरकोळ वाटतं, म्हणून रुग्णालयं यंत्रांकडे वळली. रुग्ण गादीवरून उठला की वाजणारे अलार्म आले. अमेरिकेत 16 वॉर्डांमध्ये त्यांची पद्धतशीर चाचणी झाली. 2012 साली निष्कर्ष आले. अलार्मचा वापर वाढला, पडणं कमी झालं नाही. कारण उघड आहे. अलार्म वाजतो तेव्हा रुग्ण उठलेला असतो. कॉटचे कठडेही दगा देतात. गोंधळलेला रुग्ण त्यांच्यावरून उतरू पाहतो आणि आणखी उंचावरून पडतो.

धोका मोजायचे तक्तेही आहेत. त्यात मोर्स यांचा प्रसिद्ध: पूर्वी पडल्याचे 25 गुण, सलाईनचे 20, कमाल 125. पण जोखमीचा अंदाज बांधायला असे तक्ते वापरू नका, असं उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2013 सालीच सांगितलं. आकडा लिहून झाला की काम झालं असं वाटतं, पुढे काही बदलत नाही. उलट अमेरिकेतल्या एका उपक्रमात प्रत्येक रुग्णाचा धोका आणि त्यावरचा उपाय चित्रांच्या फलकावर, रुग्ण आणि नातेवाइकांसोबत बसून ठरवला गेला. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यामुळे पडण्याचं प्रमाण 15 टक्क्यांनी आणि दुखापतीसह पडण्याचं 34 टक्क्यांनी घटलं.

सगळ्यात सोपा वाटणारा उपाय म्हणजे रुग्णाला उठूच न देणं. तोच सगळ्यात वाईट. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो स्नायूंचं वजन गेलं. आज पडू नये म्हणून झोपवून ठेवलेला माणूस घरी गेल्यावर पडतो, फक्त ती नोंद रुग्णालयाच्या वहीत येत नाही.

एवढं करूनही कुणी पडलंच, तर त्याला चटकन ओढून उठवायचं नाही. शुद्ध, डोकं, मान, कंबर तपासायची, मग नीट उचलायचं. आणि एक प्रश्न न विसरता विचारायचा: ‘कशासाठी उठला होता?’ वहीत बऱ्याचदा ‘कॉटजवळ पडले’ एवढंच लिहिलेलं असतं. ‘पाणी लांब ठेवलं होतं’ असं लिहिलं, तर पुढच्या पाळीची सिस्टर निदान तांब्या अलीकडे सरकवते.