घरच्या साबणाचे गणित

घरी साबण करताना सर्वांत महत्त्वाचे उपकरण म्हणजे एक ग्रॅमपर्यंत नेमके दाखवणारा वजनकाटा. तो नसेल तर या वाटेला जाऊ नये. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) ती सोडवतो, मेदाम्लांचा साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळे होऊन वडीतच राहते. हे साबणीकरण. पण प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा. एक ग्रॅम खोबरेलाला साधारण 0.183 ग्रॅम, शेंगदाणा तेलाला 0.136, तर एरंडेलाला 0.128. खोबरेलातली मेदाम्ले आखूड असल्याने तेवढ्याच वजनात रेणू जास्त मावतात, म्हणून सोडाही जास्त लागतो.

समजा, 200 ग्रॅम खोबरेल, 250 ग्रॅम शेंगदाणा तेल आणि 50 ग्रॅम एरंडेल घेतले. खोबरेलाने वडी कडक होते व फेस येतो, पण ते फार झाले तर त्वचा कोरडी पडते. एरंडेल फेस टिकवते. या तेलांचा हिशोब 36.6 + 34 + 6.4, म्हणजे 77 ग्रॅम सोडा. त्यातून पाच टक्के कमी करून 73 ग्रॅमच घ्यायचा, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहते आणि सोडा मात्र उरत नाही. पाणी 150 ग्रॅम.

इथे एक चूक सर्रास होते. अर्धा लिटर तेल म्हणजे अर्धा किलो असे धरले जाते, पण ते 460 ग्रॅमच्या आसपासच भरते. मग त्याला जेमतेम 71 ग्रॅम सोडा पुरतो, आपण घातलेला 73 ग्रॅम जास्त होतो आणि साबण अंगाला झोंबतो. एका तेलाऐवजी दुसरे घेतले तरी आकडेमोड नव्याने करायलाच हवी.

सोडा शुद्ध हवा. मोरी साफ करायच्या पुड्यांत इतर पदार्थ मिसळलेले असतात, त्या चालत नाहीत. पाणी डिस्टिल्ड घ्यावे, बॅटरीत घालतात ते चालते. गॉगल, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा कपडा घालून, खिडकी उघडी ठेवून, सोडा थोडाथोडा पाण्यात सोडावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते. द्रावण 80 अंशांच्याही वर तापू शकते. भांडे स्टीलचे घ्यावे. ॲल्युमिनियमचे, म्हणजे आपले जर्मनचे पातेले, सोडा खातो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो. अंगावर थेंब उडाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरून निदान पंधरा मिनिटे धुवावे, व्हिनेगर लावू नये. डोळ्यात गेला तर तसेच धुऊन थेट डॉक्टरांकडे जावे.

द्रावण व तेल दोन्ही 40 ते 45 अंशांवर आले की द्रावण तेलात ओतून हँड ब्लेंडर थांबतथांबत फिरवावा. चमच्यातून पडलेल्या धारेची रेघ पृष्ठभागावर क्षणभर टिकली की मिश्रण साच्यात घालायला तयार. त्याआधीच ओतले तर तेल वर तरंगते. काही सुगंधी तेलांनी, विशेषतः लवंगेच्या, मिश्रण भांड्यातच झटकन घट्ट होते. ती शेवटी आणि थोडीच घालावीत. हळद घातली तर पिवळा रंग मिळेल ही अपेक्षा नको: अल्कलीत ती लालसर होते, चुना लावून हळदीचे कुंकू करतात त्याच कारणाने.

एक-दोन दिवसांनी, हातमोजे घालूनच, वड्या कापाव्यात. वर पांढरी भुकटी दिसली तर तो बहुधा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन झालेला धुण्याचा सोडा असतो, खरवडला की जातो. पण वडीच्या आत पांढरे खडे किंवा पाण्याचे कप्पे असतील तर ती वापरू नये, तिथे न मुरलेला सोडा असू शकतो.

मग चार ते सहा आठवडे हवेशीर, सावलीच्या जागी जाळीवर ठेवावे. साबणीकरण बहुतांशी पहिल्या दोन दिवसांतच आटोपते, पुढचे आठवडे पाणी उडून वडी कडक होण्यासाठी असतात. कोकणातल्या पावसाळ्यात ग्लिसरीन हवेतले पाणी ओढते आणि वड्यांना घाम फुटतो. त्या दिवसांत वाळलेल्या वड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात. केशरी ठिपके आणि खवट वास आला तर शिल्लक तेल बिघडले असे समजावे. शेंगदाणा तेल जितके जास्त, तितकी ही शक्यता जास्त.