काउंटर शून्यावर आला, वस्तू मात्र वापरात होती

मेमरी कमी पडली की संगणक नको ते आपोआप काढून टाकतो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. जावा किंवा पायथनमधल्या प्रोग्रॅमपुरता तो बराचसा खराही आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, मात्र मुख्यतः सी भाषेत लिहिलेला आहे आणि तिथे घेतलेली मेमरी परत करणं प्रोग्रॅमरच्याच डोक्यावर. एकच वस्तू दहा जण वापरत असतील तर परत कोणी आणि कधी करायची? यासाठी जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली मांडलेली युक्ती आजही वापरतात. प्रत्येक वस्तूला एक काउंटर जोडायचा. कोणी ती धरली की एक वाढवायचा, सोडली की एक कमी करायचा, शून्य झाला की मेमरी मोकळी.

बेरीज-वजाबाकी सोपीच आहे, पण फंक्शन दरवेळी सरळ शेवटापर्यंत जात नाही. मध्येच काही बिनसतं, किंवा काम आधीच झालेलं आहे असं लक्षात येतं, आणि कोड उडी मारून बाहेर पडतो. धरलेलं सोडायचं नेमकं अशा आडवाटेवर राहून जातं.

जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०१६-०७२८ ही त्रुटी (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक) याच जातीची. कर्नलमध्ये किल्ल्या आणि पासवर्डसारखी गुपितं ठेवायला ‘कीरिंग’ असते. एखाद्या प्रोग्रॅमने आपल्याकडे असलेलीच कीरिंग नावाने पुन्हा मागितली, की कर्नल ती शोधायचा, काउंटर एकने वाढवायचा, ‘ही तर आधीच आहे’ म्हणून परत फिरायचा आणि वाढवलेला एक तसाच ठेवायचा. वरवर पाहता नुकसान एवढंच, की ती कीरिंग कधीच मोकळी होणार नाही.

खरी गंमत (हल्लेखोराची) पुढे आहे. काउंटर ३२ बिटांचा होता. जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यासारखाच तो टोकाला पोचला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो. त्यासाठी सुमारे ४२९ कोटी ४९ लाख वेळा तीच मागणी करावी लागते. अशक्य वाटतं ना? त्रुटी शोधणाऱ्या परसेप्शन पॉइंट या कंपनीच्या संशोधकांना इंटेल कोअर आय७-५५०० प्रोसेसरवर त्याला अर्धा तास लागला, म्हणजे सेकंदाला साधारण २४ लाख मागण्या. काउंटर शून्य दिसताच कर्नल कीरिंगची मेमरी मोकळी करतो, पण कर्नलने त्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेला पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, अजून तिथेच रोखलेला. मग हल्लेखोर त्याच मापाचे संदेश कर्नलकडे पाठवतो, म्हणजे त्या रिकाम्या जागी त्याचे बाइट्स बसतात. कीरिंगच्या रचनेत तिच्या प्रकाराकडे नेणारा पॉइंटर असतो आणि त्या प्रकारात ‘रद्द करा’ या फंक्शनचा पत्ता. दोन्ही बनावट भरले, की कीरिंग रद्द करायला सांगताच कर्नल हल्लेखोराचं फंक्शन स्वतःच्या अधिकाराने चालवतो. साधा वापरकर्ता रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होतो!

‘६६ टक्के अँड्रॉइड फोन धोक्यात’ अशा बातम्या तेव्हा झळकल्या, कारण अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच. मुळात त्रुटी कर्नल ३.८ पासूनची, तेव्हाचे कितीतरी फोन त्याहून जुन्या कर्नलवर, आणि नव्यांपैकी अनेकांत एसईलिनक्स या जादा सुरक्षा-यंत्रणेचा अडसर. गूगलनेही आकडा फुगवलेला असल्याचं सांगितलं. टक्केवारी छापण्याआधी कर्नलची आवृत्ती पाहायला फार वेळ लागत नाही.

दुरुस्ती म्हणजे त्या आडवाटेवर कीरिंग सोडणारी एक ओळ. पण अशा आडवाटा कर्नलमध्ये हजारो. म्हणून २०१७ मध्ये, ४.११ आवृत्तीत, वेगळ्या प्रकारचा काउंटर आला. तो टोकाला पोचला की तिथेच गोठतो, पुन्हा शून्यावर येत नाही. मग ती वस्तू मशीन बंद होईपर्यंत मेमरी अडवून बसते. हा सौदा मला पटतो, कारण वाया गेलेल्या काहीशे बाइट्समधून कोणी रूट होत नाही. नेटवर्किंगचा कोड सांभाळणाऱ्यांना मात्र तो सहज पचला नाही. नेटवर्कवरून येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पॅकेटमागे हे काउंटर हलतात आणि दरवेळची ती जादा तपासणी त्यांना महाग वाटत होती.